आपल्या नावाचा पत्ता

कला शाखेच्या विद्यार्थ्याने ही संगणकाची उठाठेव कशाला करावी, असा प्रश्न वसतिगृहात मला अनेकांनी विचारला. विचारणाऱ्यांनी खुशाल विचारावा. पण पत्र ही वस्तू कला शाखेच्या कक्षेबाहेरची आहे असे मात्र कोणी म्हणू नये. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे आज आपण पुस्तकरूपाने वाचतो, ती कशामुळे? ज्यांना ती आली त्यांनी ती जपून ठेवली म्हणून. आपली पत्रे मात्र परक्याच्या गोदामात पडून असतात. दोन वर्षे तिकडे फिरकले नाही तर खाते काढून टाकण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला असून डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणीही सुरू झाली आहे. ऑर्कुटचे दुकान तर २०१४ सालीच उठले. फुकटच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाशी भांडायचे तरी कोणत्या तोंडाने?

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रत्येकाने नाही तरी प्रत्येक संस्थेने आपल्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्यावा. ॲटच्या चिन्हापुढे आपले नाव असले म्हणजे पत्रे ठेवणारा उद्या बदलला तरी पत्ता तोच राहतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी हे चिन्ह योजले तेव्हा त्याचा अर्थ ‘अमुक माणूस, तमुक संगणकावर’ एवढाच होता. तो संगणक दुसऱ्याचाच असला पाहिजे असे कोणी ठरवलेले नाही.

हे नुसते व्याख्यान नको म्हणून लातूरच्या घरी धूळ खात पडलेल्या संगणकावर मी लिनक्स चढवले, एक डोमेन घेतले आणि टपालाची व्यवस्था लावली. पहिली अडचण पत्त्याचीच. पुष्कळ घरांना मिळून इंटरनेटवर एकच क्रमांक दिलेला असतो. वाड्याला दार एक आणि बिऱ्हाडे चाळीस, तर पोस्टमनने पत्र कोणाला द्यावे? दरमहा जास्त पैसे भरून स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागला.

पण पत्र येण्याचे काम सोपे निघाले. लाइट गेली तर काय, ही सर्वांची शंका असते. लातूरकरांना तर ती पहिली सुचते! वास्तविक टपालाचा नियमच असा आहे, की समोरचे दार बंद दिसले तर पाठवणाऱ्या यंत्राने पुन्हा पुन्हा येऊन पाहावे, आणि चार-पाच दिवसांच्या आत हार मानू नये. दुपारभर लाइट नसली तरी संध्याकाळी पत्रे मुकाट्याने आत येतात. नांदेडच्या वसतिगृहात बसून मी ती वाचतो.

खरे दुखणे पत्र पाठवण्यात आहे. घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारे पंचवीस क्रमांकाचे दार कंपनीने बंदच ठेवले होते. ते उघडले असते तरी घरगुती क्रमांकांच्या याद्या स्पॅमहाउससारख्या संस्थांकडे असतात, आणि त्या पाहून मोठी टपालघरे आपले पत्र बाहेरच अडवतात. पत्र खरोखर आपल्याच नावाचे आहे हे सिद्ध करण्यासाठी एसपीएफ आणि डीकेआयएम अशा दोन मोहरा लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने निदान एक तरी मोहर सर्वांनाच सक्तीची केली. भामट्यांचा सुळसुळाट पाहता हे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण शंभर भामट्यांसाठी बांधलेल्या भिंतीवर एखादा सरळ माणूसही डोके आपटून घेतो, हेही खरे. अखेर जाणारी पत्रे मी दुसऱ्या एका सेवेमार्फत पाठवू लागलो. घरीच सर्व काही करण्याचा हट्ट मला मुळीच महत्त्वाचा वाटत नाही. नाव आपले आणि पत्रांची प्रत आपल्या घरी, एवढे पुरे.

आता आपल्या वार्षिकांकाकडे वळतो. लेख मागवण्यासाठी दरवर्षी नव्या संपादकाचा खाजगी पत्ता छापला जातो, आणि तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला की वर्षभराचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. अंकाला स्वतःचा पत्ता हवा. महाविद्यालयांसाठी अर्नेट या सरकारी संस्थेमार्फत ‘एसी डॉट इन’ हे नाव मिळतेच, त्याखाली अंकाची पेटी सहज होईल. शिवाय २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही मराठीला खुले आहे. मराठी अंकाच्या मुखपृष्ठावर मराठी अक्षरांतला पत्ता शोभेल. मात्र सर्वच टपालघरे देवनागरी पत्ता अजून ओळखत नाहीत, तेव्हा त्याशेजारी रोमन पत्ता ठेवणे भाग आहे.

प्राध्यापक मंडळींना एकच विनंती. डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. भाडे चुकले की कोणीही ते उचलतो. म्हणून ते महाविद्यालयाच्या नावे घ्यावे, एखाद्या सरांच्या नावे नव्हे, आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील वीजबिलाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी.