चवीच्या आडून आलेले व्यसन

मार्गशीर्ष पौर्णिमेला योगेश्वरीच्या उत्सवासाठी पुण्याहून अंबाजोगाईस घरी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या टेबलावर त्याच्या आईला दोन लहानशा वस्तू सापडल्या. एक काचेची, वर स्टीलचे झाकण असलेली. दुसरी बुटकी, पितळी रंगाची, डोक्यावर काळी तोटी असलेली. अत्तराच्या कुप्या असाव्यात अशा समजुतीने त्या माउलीने त्या कपाटात नीट ठेवून दिल्या. संध्याकाळी देवीचे दर्शन घेऊन परतताना मी त्या घरी थांबलो, तेव्हा त्या 'कुप्या' चहाच्या कपांशेजारी मांडलेल्या होत्या आणि मुलगा मला समजावून सांगत होता, "काका, ही टाकी आणि हा ड्रिपर. प्रवासात टाकी बरी. पण खरी चव हवी असेल तर ड्रिपरला तोड नाही." बोलण्यात संकोचाचा लवलेश नव्हता. दोन मोटारसायकलींची तुलना करावी तशी सहजता होती.

वडील निवृत्त शिक्षक; आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात न टाकलेले. ते गप्प राहिले. आईने एवढेच विचारले, "यात तंबाखू नाही ना रे?" मुलगा म्हणाला, "नाही." तो खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. तंबाखूचे पान त्यात नसतेच. असते ते पानातून काढलेले निकोटिन. ज्या घराने तीन पिढ्या व्यसनाला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या घरात ते असे एका शब्दाच्या आडून शिरले. वादावादी नाही, दार आपटणे नाही. चहा मात्र निवला.

त्या मुलाचा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. टाकी सरस की ड्रिपर? दोन्ही उपकरणांचा गाभा एकच. धातूच्या बारीक तारेचे वेटोळे, त्यातून ओवलेली कापसाची वात आणि खाली तार तापवणारी लिथियम बॅटरी. वातीत भिजलेला द्रव तापतो आणि त्याचे सूक्ष्म तुषार होऊन ते थेट फुप्फुसात ओढले जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुगंधी द्रव्ये. तार आणि वात वापरणाऱ्याने स्वतःच्या हातांनी बसवायची, म्हणून या छंदात एक कारागिरीची नशाही मिसळलेली असते. टाकीच्या प्रकारात काही मिलिलीटर द्रव काचेत साठवलेला असतो आणि अरुंद खाचांतून तो वातीकडे झिरपतो. वात घट्ट बसली तर ती कोरडी पडते, सैल बसली तर द्रव गळतो. वाफेला वर येताना लांब नळीतून प्रवास करावा लागतो, त्यात ती थोडी निवते, थोडी भिंतींवरच थिजते. ड्रिपरला टाकी नाही. दर काही झुरक्यांनी चार थेंब वातीवर टाकायचे. तोटी वेटोळ्याच्या अगदी जवळ, पोकळी लहान, हवा थेट तारेवर येते. म्हणून वाफ दाट आणि चव स्पष्ट. नव्या टाक्यांनी हे अंतर बरेच कमी केले असले, तरी निव्वळ चवीच्या कसोटीवर ड्रिपर सरस ठरतो. दोन्हींत वात कोरडी पडली की कापूस करपतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात, ते निराळेच.

कापसाशी अंबाजोगाईचे नाते जुने आहे. दासोपंतांनी पंचीकरणाचे विवेचन सुमारे ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर लिहिले आणि ती पासोडी आजही या गावात जपलेली आहे. समईची वात वळणारे हात अजून घरोघरी आहेत. त्याच गावातला मुलगा यूट्यूबवर पाहून वात कशी 'फुलवायची' ते शिकतो, आणि हे कौशल्य आहे असे त्याला वाटते! असो.

तर ड्रिपर जिंकला. पण मुळात ही स्पर्धा चवीची का असावी? निकोटिनला स्वतःची रुचकर अशी चव नाही. ते तिखट आहे, घसा खरवडणारे आहे. ज्याला निकोटिनच हवे, त्याच्यासाठी औषधाच्या दुकानात चघळण्याच्या गोळ्या मिळतात आणि त्यांच्या चवीवर कोणी रात्र-रात्र जागून चर्चा करीत नाही. या उपकरणांच्या बाबतीत मात्र सारे शास्त्र, सारी कारागिरी एकाच गोष्टीभोवती फिरते. आंबा अधिक आंब्यासारखा कसा लागेल, पुदिना अधिक गार कसा वाटेल, कस्टर्डची साय जिभेवर कशी रेंगाळेल. ही गरज कोणाची? चाळीस वर्षे विडी ओढून खोकणाऱ्या माणसाची ती प्रामुख्याने नव्हे. कधीच काही न ओढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची ती आहे.

हाताने तार वळणारे शौकीन संख्येने थोडेच असतात, हे मला मान्य आहे. परंतु द्रव बनवणारे आपली नवी चव पारखतात ती ड्रिपरवरच, कारण दोष आणि गुण तिथे उघडे पडतात. तिथे पसंतीस उतरलेली चव पुढे रंगीत, बंद, वापरून फेकण्याच्या कांड्यांत भरली जाते. त्या कांडीला ना तार वळावी लागते, ना थेंब टाकावे लागतात. ती दप्तरात पेनाशेजारी मावते.

आता या चवीच्या दुसऱ्या बाजूविषयी. लोण्याचा सुगंध देणारे डायअसिटिल हे द्रव्य खाण्यात चालते. अमेरिकेतील मिसुरी राज्यात जॅस्पर येथील पॉपकॉर्न कारखान्यातील कामगारांना २००० साली फुप्फुसांचा एक असाध्य विकार जडल्याचे उघड झाले, तेव्हा या द्रव्याची वाफ श्वासावाटे घेणे किती घातक असते ते जगाला कळले. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली वेपच्या ५१ चवी तपासल्या, त्यांपैकी ३९ मध्ये हेच द्रव्य आढळले. वेपमुळे तोच विकार झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. तसेच २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेप ओढणारे २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले, त्यामागे मुख्यत्वे गांजाच्या अर्कात मिसळलेले एक तेलकट द्रव्य होते, निव्वळ निकोटिन नव्हे. आपली बाजू भक्कम असताना अतिशयोक्तीचा आधार घेण्याचे कारण नाही. पोटासाठी पारखलेली वस्तू छातीत भरायची आणि तिच्या दूरगामी परिणामांचा हिशेब आपल्या मुलांच्या शरीरावर मांडायचा, एवढे सत्य पुरेसे आहे.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. तेव्हा महानगरांतल्या स्वातंत्र्यवाद्यांनी केवढा गहजब केला! 'सरकारने नागरिकांचे पालक होऊ नये', 'हा तर कमी अपायाचा पर्याय', 'ब्रिटनकडे पाहा'. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ साली वेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले होते, आणि सिगारेट सोडण्यास त्याची मदत होते असे दाखवणारे अभ्यासही आहेत. ते मी नाकारत नाही. पण हा युक्तिवाद ज्या समाजासाठी रचला गेला, तो सिगारेट ओढणाऱ्यांचा समाज होता. महाराष्ट्र तसा आहे काय? प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. आमच्या बीड जिल्ह्यात व्यसन म्हणजे गायछाप आणि चुन्याची डबी, मावा, गुटख्याची पुडी, पहाटे चुलीपुढे बसून दातांना लावलेली मिश्री. ऊसतोडीला जाणारा मजूर तंबाखूची चिमूट सोडून ड्रिपर हाती घेणार आहे, असे या विद्वानांना खरोखर वाटते काय? सोडवण्यासाठी सिगारेट ज्यांच्या हातात नाहीच, त्यांच्याकडे हा 'पर्याय' कशाच्या बदल्यात येतो? कशाच्याच नाही. तो नवे गिऱ्हाईक शोधत येतो. ब्रिटनचेच पाहायचे, तर त्या देशालाही १ जून २०२५ पासून फेकाऊ वेपवर बंदी घालावी लागली, आणि मुलांचे वाढते वेड हे त्याचे एक कारण होते. युरोपीय संघाने तर निकोटिनच्या द्रवाच्या टाकीला २ मिलिलीटरची मर्यादा घातली आहे. ड्रिपरला टाकीच नाही, म्हणून ती मर्यादा त्याला कशी लागू करायची, हा शौकिनांचा आवडता विनोद.

मराठवाड्याला हा डाव नवा नाही. सुपारी, कात आणि तंबाखू यांना वेलची-केवड्याचा सुवास लावून, चकचकीत पुडीत घालून गुटखा आला, तेव्हाही तो 'पान खाण्याची आधुनिक, स्वच्छ पद्धत' म्हणूनच आला होता. पान लावायला वेळ लागत असे. पुडी फाडायला लागत नसे. मोठ्यांसमोर पान खाण्याची मर्यादा होती. पुडीला कसलीच मर्यादा उरली नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१२ साली बंदी पुन्हा आली. त्यावर उत्पादकांनी काय केले? पानमसाला एका पुडीत आणि सुगंधी तंबाखू दुसऱ्या पुडीत. गिऱ्हाइकाने हातावर एकत्र करायचे. कायद्याच्या अक्षराला वळसा आणि जीभ तीच. आज मराठवाड्यात तिशीच्या आत जबडा आखडून घास तोंडात न जाणारे तरुण पाहायला लांब जावे लागत नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या गावात आहे; तिथल्या दंतचिकित्सकांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नसेल. त्या एका चवदार पुडीची किंमत दोन पिढ्यांनी मोजली. तिसऱ्या पिढीसाठी बाजाराने पुडीऐवजी काच आणि स्टील आणले आहे.

आणि हे काच-स्टील येते कोठून? जगातील बहुतांश वेप-उपकरणे चीनमधील शेन्झेन या एका शहरात तयार होतात. त्या चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात तंबाखूखेरीज इतर सर्व चवींच्या वेपची विक्री बंद केली. फळांच्या, मिठाईच्या चवी आपल्या मुलांना नकोत. निर्यातीच्या मालात मात्र त्या चालतात! एकेकाळी याच हिंदुस्थानच्या भूमीत अफू पिकवून इंग्रज ती चीनच्या गळी उतरवीत होते. त्या व्यापाराचे चटके सोसलेल्या देशाला चवीच्या व्यसनाचे अर्थशास्त्र कोणी शिकवायची गरज नाही. अमेरिकन भांडवलही यात मागे नव्हते. मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूल या वेप-कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला. सिगारेट सुटावी म्हणून सिगारेटवाला एवढी रक्कम मोजतो, यावर ज्याचा विश्वास बसत असेल त्याला नमस्कार.

याच ठिकाणी आपल्या बाजूचा दुटप्पीपणाही बोलून दाखवला पाहिजे. वेपवर बंदी आणि सिगारेट राजरोस, हा आक्षेप विरोधक घेतात, त्यात तथ्य आहे. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत, आयटीसीत, सार्वजनिक क्षेत्रातील आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के हिस्सा आहे आणि ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही त्याच कंपनीतली बडी परदेशी भागधारक आहे. स्वदेशीचा उच्चार करताना हे आकडे आपल्या घशाशी अडकले पाहिजेत. पण या विसंगतीचा इलाज म्हणजे दुसऱ्या विषालाही परवाना देणे नव्हे. पहिल्या विषातून सार्वजनिक पैसा काढून घेणे, ही मागणी आपण केली पाहिजे आणि आपलेच सरकार आहे म्हणून ती दबक्या आवाजात करण्याचे कारण नाही.

२०१९ चा कायदा नेमका आहे. उपकरणाचे नाव, आकार, रूप काहीही असो, द्रवात निकोटिन असो वा नसो, त्याचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सारे निषिद्ध. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा बाळगण्यालाही शिक्षा आहे. ओढणाऱ्याला शिक्षेची तरतूद मात्र त्यात नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तो मुलगा गुन्हेगार नव्हे, तो सावज आहे. झडती घेण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपनिरीक्षकापासून वरच्या दर्जाच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आहे. तक्रारीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली संकेतस्थळही उघडले. म्हणजे हत्यार आहे, ते उचलणारा हात हवा.

त्या दिवशी मी मुलाला एकच विचारले: "चव निघून गेली, नुसते निकोटिन उरले, तर ओढशील?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "सुरुवात नसती केली, काका." पुढचे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पुण्याला परत जाताना त्याने त्या दोन वस्तू कपाटातून मागितल्या नाहीत. पुण्यात नव्या मिळतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

अंबाजोगाईची असंख्य मुले आज लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे शिकवण्यांसाठी आणि महाविद्यालयांसाठी राहतात. त्या शहरांतील आपल्या कार्यकर्त्यांनी वसतिगृहे आणि शिकवण्यांच्या भोवतालची दुकाने एकदा डोळसपणे पाहावीत, रंगीत कांड्या आढळल्या तर दुकानदाराशी हुज्जत न घालता लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. इथे गावात शाळांच्या पालकसभांतून ही उपकरणे प्रत्यक्ष दाखवावीत. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना त्यासाठी बोलवावे. आईला अत्तराची कुपी आणि ॲटोमायझर यांतला फरक कळावा, एवढ्यासाठी तरी ही सभा येत्या जूनमध्ये, शाळा सुरू होताच, व्हायला हवी.