मनगटावर चार पगार

शनिवारी 'नुसतं बघायला' म्हणून शोरूममध्ये शिरलो आणि ट्यूडरचं २०२५ मध्ये आलेलं बर्गंडी 'ब्लॅक बे ५८' मनगटावर चढवून बसलो. ३९ मिलिमीटर, डायल आणि बेझल दोन्ही वाईनच्या रंगाचे. एकदम खल्लास! सेल्समन सांगत होता, २०० मीटर पाण्याखाली चालतं, काढून ठेवलं तरी ६५ तास थांबत नाही, दिवसाला फार तर पाच सेकंद पुढे. मी मान डोलवत होतो. आता तुम्हीच सांगा, मी पोहायला जातो कुठे? आणि सेकंदांचा हिशेब तर मोबाईल फुकटात ठेवतो!

किंमत? माझे चार पगार. ईएमआयची सोय आहेच. शिवाय पुढे सर्व्हिसिंगचा खर्च वेगळा. तीन रात्री हेच गणित डोक्यात.

शेवटी बाबांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "घे की. पण सकाळच्या लोकलला घालशील ना?"

मी गप्प. बाबांनी त्यांचं एचएमटी 'जनता' रोज चावी देऊन तीस वर्षं त्याच लोकलच्या गर्दीत घातलं. काचेवर चरे पडलेत. एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, हे मात्र चालूच. माझं डब्यात पडून राहणार होतं. बाहेर निघालं असतं ते फक्त क्लायंटसमोर बाही सरकवायला.

तेव्हा सध्या कॅन्सल. गर्दीत बिनधास्त घालता येईल, त्या दिवशी घेईन.

तोपर्यंत बाबांकडे 'जनता' मागितलं. म्हणाले, "मी घालतोय अजून!"