सहलीत नहर पाहावी

सुटीच्या दोन दिवसांत आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कुटुंबे छत्रपती संभाजीनगरास जातात, बीबी का मकबरा पाहतात व परततात. आमच्या मते मुलांस प्रथम नहर दाखवावी. १६१० साली खडकी म्हणून हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबराने डोंगरपायथ्याचे पाणी भूमीखालून, केवळ उताराच्या बळावर, नगरात आणिले. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष! तहानेल्यास पेलाभर पाणी देण्याची थोरवी शाळेत शिकविली जाते. याने तर नगराची तहान भागविली. २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरू नये. मकबऱ्यात राजवैभव दिसते, नहरीत लोकसेवा. पालकहो, अवर्षणाच्या मुलखातील मुलांस यांपैकी कोणता धडा आधी हवा?