पिठ्याचा क्लास

एकतीस वर्षं मी भोर तालुक्यात गणित शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं खासगी क्लासवाल्यांना नावं ठेवली. शाळेत शिकवतात तेच पुन्हा शिकायला पैसे कशाला मोजायचे, असा माझा सवाल असे. पालक मान डोलवत आणि संध्याकाळी पोराला क्लासलाच धाडत. निवृत्त होऊन मुलाकडे धायरीला राहायला आलो तेव्हा वाटलं, हा विषय आपल्यापुरता संपला. गेल्या वर्षी मी स्वतः फी भरली, तीही एकदा नाही, दोनदा. विद्यार्थी चार पायांचा होता.

पिठ्या जातीने लॅब्रॅडोर. ज्वारीच्या पिठाचा रंग म्हणून मी त्याला पिठ्या म्हणालो, सूनबाईंनी डॉक्टरांच्या कार्डावर ऑस्कर लिहून घेतलं आणि नातू त्याला ऑसी म्हणतो. पाच महिन्यांचा होईतो तीन चपला, सोफ्याचा एक कोपरा आणि माझा वाचायचा चष्मा त्याच्या पोटात गेला किंवा जाता जाता वाचला. मुलाने चौकशी करून एक ट्रेनर ठरवला. महिन्याला ८,००० रुपये, आठवड्यातून पाच दिवस, कोर्स तीन महिन्यांचा. एकूण २४,०००. सकाळी सातला तो दारात येई, पिठ्याला घेऊन खाली जाई आणि पाऊण तासाने आणून सोडी. तेवढ्यात आमचा चहा आणि पेपर उरकत असे. कोणी विचारलं की मुलगा म्हणे, "ट्रेनर लावलाय." दूधवाला लावावा तसं.

तिसरा महिना संपताना पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक झालं. "सीट" म्हटलं की पिठ्या बसला, "डाऊन" म्हटलं की आडवा झाला, "स्टे" म्हटल्यावर दहा पावलांवरचं बिस्किट नुसतं बघत राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या, नातवाने व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत त्याच सुरात "सीट" म्हणालो. त्याने प्रेमाने शेपूट हलवली आणि कुंडीतला मोगरा मुळासकट उपटला. ट्रेनरला फोन केला तर तो म्हणाला, "सर, तुम्ही कडक नाही आहात. चोक चेनला झटका द्यायचा."

चोक चेन म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. ती हातात घेतली आणि मला माझी छडी आठवली. हो, मीही छडी वापरली आहे, ऐंशीच्या दशकात सगळेच वापरत. मुख्याध्यापक छडी घेऊन आले की सातवी ब चिडीचूप होई. ते गेले की पहिल्यापेक्षा जास्त कालवा. त्या शांततेत कोणी लसावि शिकल्याचं मला आठवत नाही. मुक्या जनावराला मारू नये हा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. शाळेत मुलाला मारू नये हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलं जायला २००९ उजाडलं. या क्रमाचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

पिठ्या नऊ महिन्यांचा, वजन तीस किलो. एका संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि आत सामान पोहोचवणारा एक मुलगा उभा होता. पिठ्याला माणूस दिसला की आनंद मावत नाही. त्याने झेप घेतली. हिने दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले होते, सुटू नये म्हणून. मनगटाचं हाड मोडलं. ऑपरेशन, पट्टी, दवाखान्याचं बिल ८५,०००. विम्याने बरंचसं दिलं. पण हिने दोन महिने डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न केला, ते कुठल्याच विम्यात बसत नाही.

त्यानंतर सुनेने शोधलेला दुसरा क्लास. नांदेड फाट्याजवळ एका मोकळ्या प्लॉटवर, रविवारी सकाळी एक तास, आठ रविवार, ७,२०० रुपये, एका वेळी सहाच कुत्री. मी लगेच हिशेब केला. पहिला ट्रेनर दिवसाला ४०० रुपयांना पडला होता, ही बाई तासाला ९०० घेणार आणि कुत्र्याला हात लावणार आपणच! शिवाय अट अशी की घरातल्या ज्या दोघांच्या हातात दोरी असते त्या दोघांनी यायचं. पहिल्या रविवारी तर कुत्र्यांना मज्जाव होता. सहा घरांतली बारा माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका मुलीचं ऐकत होती. मला ९०० रुपये वाया गेल्यासारखे वाटले. आज वाटतं, तो रविवार सगळ्यांत महागमोलाचा होता.

तिने विचारलं, "कुत्र्याचं नाव काय?" मी पिठ्या म्हणालो, सून ऑस्कर म्हणाली. सगळे हसले. मग तिने विचारलं, "बसायला काय सांगता?" मी "बस", मुलगा "सीट", सून "सिट डाऊन", कामाला येणाऱ्या मावशी "बैठो". आणि ही तर दिवसातून वीस वेळा "बस झालं आता!" म्हणते, त्यात बसणं कुठेच नसतं. कुत्र्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, एक आवाज आणि एक कृती यांची जोडी कळते. आम्ही त्याला एका प्रश्नाची पाच उत्तरं बरोबर आहेत असं सांगत होतो आणि वर नापासही करत होतो.

मला तिने जे सांगितलं ते जास्त झोंबलं. दुसऱ्या रविवारी मी पिठ्याला म्हणत होतो, "बस. बस. अरे बस. पिठ्या, बस." ती जवळ आली. "काका, एकच गोष्ट पाच वेळा का सांगता? पहिल्या चार वेळा ऐकायचं नसतं, असं तो शिकलाय." एकतीस वर्षांत एकाही शिक्षणाधिकाऱ्याने माझ्या वर्गावर इतका नेमका शेरा मारला नव्हता.

बाकी पद्धत साधी. खिशात पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. बसला की त्याच क्षणी तुकडा, दोन सेकंद उशीर झाला तर तुकडा दुसऱ्याच कशाचं तरी बक्षीस ठरतो. दोरी ताणली की आपण थांबायचं, सैल झाली की चालायचं. वेढा मनगटाला घ्यायचा नाही, हे तर तिने हिच्या हातावरचा व्रण बघून सगळ्यांनाच दोनदा सांगितलं. आणि घरी रोज दहा मिनिटं, पाच सकाळी, पाच संध्याकाळी. क्लासची फी या दहा मिनिटांसाठी असते. रविवारचा तास नुसता गृहपाठ तपासायचा. ज्या घरांनी गृहपाठ केला नाही त्यांची कुत्री आठव्या रविवारी पहिल्या रविवारसारखीच होती, आणि फी त्यांनीही तेवढीच भरली होती.

आता गावाकडचा वाचक म्हणेल, आमच्या मोतीला कुठे क्लास होता? बरोबर आहे. आमच्याही घरी मोती होता. कुत्र्यासाठी आमच्या भाषेत तीनच शब्द होते: यू यू, छू आणि हाड. तेवढ्यावर त्याचं आयुष्य निघालं. पण मोती गोठ्यात जन्मला. डोळे उघडल्यापासून त्याने बैल, कोंबड्या, शाळेत जाणारी पोरं, बाजाराची एसटी, लग्नाचा बँड, सगळं बघितलं. चुकला तर आईने गुरगुरून सांगितलं. त्याला कोणी बांधलं नाही, कोणी नऊ तास कुलपात ठेवलं नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी कुत्र्याची पिल्लं वर्षानुवर्षं अभ्यासली आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे भेटेल त्याला आपलं मानायला शिकतं, पुढे हे दार हळूहळू मिटत जातं, असं त्यातून पुढे आलं. मोतीचा क्लास त्या दहा आठवड्यांत फुकट झाला होता.

पिठ्याचे तेच आठवडे पाचव्या मजल्यावर गेले. लशी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवू नका, असं आम्हाला सांगितलं होतं, आणि पार्व्होने दोन दिवसांत गेलेली पिल्लं शेजारीपाजारी पाहिल्यामुळे आम्ही ते तंतोतंत पाळलं. भीती खोटी नाही. पण मधला रस्ता आहे. जनावरांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर निदान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागेतल्या क्लासला न्यायला हरकत नाही. आमच्या बाईंचं म्हणणं त्याहून घरगुती होतं: "खाली ठेवू नका काका, कडेवर घेऊन गेटपर्यंत तरी जा. बस दाखवा, रिक्षा दाखवा, ढोलपथकाचा सराव लांबून ऐकवा." गणपतीच्या आधी दोन महिने आमच्याकडे नदीपात्रातला ढोल ऐकून पिठ्या पलंगाखाली थरथरत असतो. ती चूक आता पनीरने भरून निघेल असं दिसत नाही.

पोलिसांची कुत्री तरी कशी शिकतात? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीरने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुडकलं, तो लॅब्रॅडोरच, आणि शिकला आमच्या पुण्यात, शिवाजीनगरला. पण श्वानपथकात कुत्रा एकटा शिकत नाही, त्याला हाताळणारा जवान त्याच्याबरोबर शिकतो आणि पुढे ती जोडी शक्यतो फोडत नाहीत. सरकारी खात्याला जे कळतं ते आपल्याला २४,००० घालवून कळावं!

म्हणून माझं म्हणणं असं. कुत्र्याला घेऊन जाणारा आणि शिकवून आणून देणारा ट्रेनर कितीही स्वस्त असला तरी महाग. त्याहून घातक म्हणजे महिनाभर ठेवून घेणारी वसतिगृहं. तिथे बंद दाराआड काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही आणि कुत्रा सांगू शकत नाही. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. शिकवणाऱ्याला मात्र कसलाच परवाना नाही. उद्या मी पाटी लावली तर परवा माझ्याकडे कुत्री येतील. तेव्हा फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: दोरी कोणाच्या हातात असणार, चुकला तर तुम्ही काय करता, आणि भरायच्या आधी एक तास कडेला उभं राहून बघू द्याल का? तिसऱ्याला जो नाही म्हणेल त्याच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली नसतात.

७,२०० रुपये ही थोडकी रक्कम नाही, हे मी पेन्शनवर जगणारा माणूस जाणतो. पण पिठ्याच्या खाण्याला महिन्याला चार हजारांच्या वर जातात, ते आम्ही कुरकुर न करता देतो. तो बारा वर्षं जगला तर क्लासचा खर्च दिवसाला पावणेदोन रुपयांच्याही आत येतो. आणि ज्याला तेही परवडत नाही त्याने वाईट वाटून घेऊ नये. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा काळू फाटकात बसतो, कोणाच्या अंगावर जात नाही, "थांब" म्हटलं की थांबतो. वॉचमन बारा तास त्याच्याजवळ असतो. आमच्या घरात एवढा वेळ कोणाकडेच नाही, म्हणून आम्ही पावती फाडली.

मग सक्ती करावी का? भाचा जर्मनीत हॅनोव्हरला असतो. त्याच्या राज्यात, लोअर सॅक्सनीत, २०१३ पासून नव्या मालकाला कुत्रा घेण्याआधी लेखी परीक्षा आणि पहिल्या वर्षात प्रात्यक्षिक द्यावं लागतं. परीक्षा माणसाची, हे मला फार आवडलं. पण शेजारच्या स्वित्झर्लंडने असाच सक्तीचा क्लास २००८ मध्ये आणला आणि २०१६ च्या शेवटी गुंडाळला. अनेक मालक तिकडे फिरकलेच नाहीत आणि जे गेले त्यांच्यात नि इतरांत डोळ्यांत भरावा असा फरक दिसेना. मला नवल वाटलं नाही. हजेरीपुरते येणारे मी आयुष्यभर पाहिले आहेत.

आपल्या सोसायट्यांना मात्र सक्तीशिवाय एक गोष्ट करता येईल. आमच्याकडे वार्षिक सभेत दीड तास कुत्र्यांना लिफ्ट वापरू द्यावी का यावर भांडण झालं. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे अशी बंदी घालता येत नाही, हे सेक्रेटरींना माहीत होतं, तरी दीड तास! सोसायटीत चौदा कुत्री आहेत. भाषणांऐवजी त्याच पार्किंगमध्ये आठ रविवार एक चांगला ट्रेनर बोलावला, अर्धी फी मालकांनी आणि अर्धी सोसायटीने दिली, लिफ्टमध्ये कुत्र्याला कोपऱ्यात कसं बसवायचं एवढंच शिकवलं, तरी निम्म्या तक्रारी मिटतील. मी ठराव मांडला. अनुमोदन मिळालं नाही.

गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी मला गाठलं. पिठ्या हिच्याबरोबर सैल दोरीने चालताना त्यांनी पाहिला होता. "काका, तुमच्या ट्रेनरचा नंबर द्या ना. आमचा बीगल फार डोकं खातो. सकाळी येऊन घेऊन जाईल ना तो?"

"येत नाही. आपण जायचं. रविवारी सकाळी, नांदेड फाट्याला."

"म्हणजे मी पण?"

"तुम्ही आणि वहिनी दोघंही. पहिल्या रविवारी कुत्रा नाही न्यायचा."

ते जरा वेळ लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो." बीगल अजून रोज पहाटे साडेपाचला गॅलरीत भुंकतो.