बंद दारांनी प्रश्न बंद होत नाही

९ जून २०२५ रोजी सकाळी, कामावर जाण्याच्या वेळेस, मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींजवळून गेल्या. एक कसाऱ्याकडे जात होती, दुसरी मुंबईकडे. दोहींच्या दारांत माणसे लोंबकळत होती. अंगे आणि पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना घासल्या आणि माणसे रुळांवर कोसळली. त्याच दिवशी चार जणांचे प्राण गेले. अनेक जण जायबंदी झाले. दिव्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते हेच मुंब्रा. म्हणून दिव्यातील घराघरांत त्या दिवशी एकच विचार आला असेल, की उद्या या जागी आपला माणूसही असू शकेल.

त्याच दिवशी रेल्वे बोर्डाने जाहीर केले की, मुंबईसाठी यापुढे तयार होणाऱ्या सर्व उपनगरी गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसविली जातील आणि चालू गाड्यांनाही ती जोडली जातील. पाठोपाठ रेल्वेमंत्र्यांनी चेन्नईच्या डबे बनविणाऱ्या कारखान्यातील अभियंत्यांशी विचारविनिमय केला आणि बिगर-वातानुकूलित गाडीचा नवा आराखडा पुढे आला. दारांना हवा खेळण्यासाठी झडपा, छतावर ताजी हवा आत ओढणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट, अशी ही योजना. पहिली गाडी नोव्हेंबर २०२५ पर्यंत तयार करून जानेवारी २०२६ पर्यंत सेवेत आणू, असे त्या वेळी सांगण्यात आले.

वाचक बंधुभगिनींनो, या घोषणेकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रथम हे स्पष्ट करू, की यंत्राला विरोध करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या यंत्राने माणसाचा जीव वाचतो ते यंत्र आम्हांस हवेच आहे. परंतु यंत्र कोणत्या दुखण्यावर लावले जात आहे, हे पाहिल्यावाचून त्याचे स्वागत करणे हा भाबडेपणा होईल.

आपल्या घरांत पूर्वी अशा मृत्यूला एक ठरलेले उत्तर होते: ‘नशिबात होते, त्याला कोण काय करणार?’ ते उत्तर आपण जुन्या देवघराबरोबर मागे टाकले आहे. भगवान बुद्धाने आपल्याला शिकविले ते असे, की जे घडते त्याला कारण असते, आणि कारण नाहीसे केले म्हणजे कार्यही नाहीसे होते. तेव्हा लोकलच्या दारातील मृत्यूला हीच कसोटी लावू या. माणूस दारात का लटकतो? दार उघडे आहे म्हणून? नाही. आत जागा नाही आणि मस्टर त्याची वाट पाहत नाही, म्हणून तो लटकतो. उघडे दार हे पडण्याचे निमित्त आहे. लटकण्याचे कारण नव्हे.

दिव्याचीच गोष्ट घ्या. मुंबईत आणि ठाणे शहरात ज्यांना खोली परवडली नाही, त्यांनी दिव्यात संसार थाटले. गाव वाढले, गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत. कल्याण आणि डोंबिवली येथे भरून आलेली गाडी दिव्याच्या फलाटाला लागते तेव्हा तिच्यात मुंगी शिरण्यासही वाव नसतो. कित्येक जण आधी उलट दिशेने डोंबिवली-कल्याणला जातात आणि तेथून गाडी पकडतात; म्हणजे पुढे जाण्यासाठी रोज आधी मागे जातात. दिव्याहून सुटणारी मुंबईची लोकल हवी, ही येथील प्रवाशांची जुनी मागणी आहे. ती चैनीची मागणी आहे, असे कोण म्हणेल?

रेल्वेच्या परिभाषेत या गर्दीला मोजमापही आहे. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे एका खाटेच्या निम्म्याहून थोड्या अधिक जागेत, चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, असे रेल्वेचे तज्ज्ञच सांगतात. ज्या संस्थेने या गोष्टीला नाव दिले आणि आकडाही दिला, त्या संस्थेला ती माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. माहीत होते, उपायाला मात्र घाई नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईसाठी ४७ नव्या गाड्यांची योजना मंजूर झाली, मार्च २०१९ मध्ये आणखी १९१ गाड्यांची. एकूण २३८. मुंब्र्याच्या वळणावर माणसे पडली त्या दिवसापर्यंत यांतील एकही गाडी रुळांवर आलेली नव्हती.

ठाणे-दिवा पाचव्या व सहाव्या मार्गाचे उदाहरण याहून बोलके आहे. २००८ साली मंजूर झालेले हे काम फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरे झाले. सुमारे साडेनऊ किलोमीटरच्या मार्गाला चौदा वर्षे लागली! त्यामुळे ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या. पण त्यांतील बहुतेक वातानुकूलित गाड्यांच्या निघाल्या. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचे एकेरी भाडे निम्म्यावर आणले, तरीही तिचे किमान तिकीट ३५ रुपये राहिले आणि साध्या गाडीचे ५ रुपये. दिव्याच्या मार्गाचे काम दिव्याच्या दारातून गेले. त्याचे फळ मात्र सातपट भाडे देणाऱ्याच्या पदरात पडले. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथील प्रवासी या गाड्यांविरुद्ध रुळांवर आणि फलाटांवर उतरले, ते थंड हवेचा तिटकारा म्हणून नव्हे. आपल्या ताटातील भाकरी उचलून दुसऱ्याला पक्वान्न वाढले जात आहे, हे त्यांना कळले होते.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. आजपर्यंत बंद दाराची लोकल म्हणजे वातानुकूलित लोकल असाच अर्थ होता. पहिली अशी गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. म्हणजे गेली अनेक वर्षे सुरक्षित दार ही विकत घ्यावयाची वस्तू होती: ज्याच्या खिशात पैसा, त्याच्यामागे दार बंद, ज्याच्या खिशात नाही, त्याच्यापुढे रूळ उघडे. साध्या गाडीलाही दारे देण्याचा नवा आराखडा हा भेद मिटवितो, आणि तेवढ्यापुरता तो आम्हांस मान्य आहे. तिकीट न वाढविता वातानुकूलित गाड्या देण्याची भाषाही २०२५ साली सरकारने केली. ती भाषा कागदावर, भाडेपत्रकात, उतरेल तेव्हाच आम्ही तिला धोरण म्हणू.

आता दाराच्या कार्याचा विचार करा. आपोआप बंद होणारे दार मध्ये अडथळा असला की बंद होत नाही, आणि सर्व दारे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. गर्दीच्या वेळी प्रत्येक स्थानकावर एखादा तरी माणूस दारात अडकणार, गाडी थांबणार, तिच्यामागची गाडीही थांबणार. उशीर झाला की फलाटावरची गर्दी वाढणार आणि पुढच्या गाडीवरचा भार आणखी वाढणार. गाड्यांची संख्या न वाढविता केवळ दारे बसविली, तर आज जो माणूस दारात लटकतो तो उद्या गाडीत नसेल. तो फलाटावर राहील. त्याचा जीव वाचेल हे खरे. पण त्याची रोजी बुडेल. जीव आणि रोजी यांतून एकच निवड, असे सांगणाऱ्या राज्याला लोककल्याणकारी कसे म्हणावे?

मध्य रेल्वेने कचेऱ्यांना आपल्या वेळा मागे-पुढे करण्याचे आवाहन केले आहे. ते योग्यच आहे. परंतु पहाटे रस्ता झाडणारी बाई, इस्पितळातील आया, दुसऱ्याच्या घरी सकाळचा स्वयंपाक करणारी स्त्री, इमारतीवरचा पहारेकरी यांच्या वेळा कोण बदलणार? ज्यांचे काम हातांचे आहे त्यांना घड्याळ दुसऱ्याचे पाळावे लागते. त्यांच्यासाठी उपाय एकच: अधिक गाड्या, पंधरा डब्यांच्या गाड्या आणि दिव्याहून सुटणाऱ्या गाड्या. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची पहिली लोकल ऑक्टोबर २०१२ मध्ये धावली. एवढ्या वर्षांत तिच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या वाढल्या.

दोष कोणाचा, याचाही वाद चालू आहे. रेल्वेच्या चौकशीचा रोख प्रवाशाच्या पाठीवरील पिशवीकडे राहिला. रेल्वे पोलिसांनी मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये रुळांच्या देखभालीत हयगय झाल्याचा आरोप ठेवून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण पिशवीत काय असते, हे आपणांस ठाऊक आहे. जेवणाचा डबा असतो. भाकरी नेणाऱ्याला भाकरीचाच अपराधी ठरविणे, ही या देशाची जुनी खोड आहे.

म्हणून आता हक्काची गोष्ट सांगतो. ती घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने ऐकून ठेवावी. रेल्वे कायदा, १९८९ याचे कलम १५६ असे की, रेल्वेच्या माणसाने बजावूनही जो प्रवासी पायरीवर उभा राहून प्रवास करील, त्याला शिक्षा होऊ शकते. हे कलम सर्वांना ऐकविले जाते. पण त्याच कायद्याचे कलम १२४-अ फारसे कोणी ऐकवीत नाही. प्रवासी गाडीतून अपघाताने पडून मेला वा जखमी झाला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचा त्याला वा त्याच्या वारसांना हक्क आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दल ही रक्कम आठ लाख रुपये आहे. आत्महत्या, जाणूनबुजून केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा अशा मोजक्याच अपवादांत ती नाकारता येते. रूळ ओलांडताना आलेल्या मृत्यूला मात्र हे कलम सहसा लागत नाही. म्हणून पूल सोडून रुळांवर उतरू नका.

रीना देवी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की, मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर खरी हकिकत सांगितली म्हणजे ते खोडण्याचा भार रेल्वेवर येतो. गाडीत चढता-उतरताना झालेला अपघातही यात धरला आहे. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशिराला सबळ कारण असल्यास तो माफही होतो. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि स्टेशनमास्तरांकडील नोंद यांच्या नकला मागून घ्या. पासाची एक नक्कल घरी ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुमची सवलत गेली’ असे कोणी सांगितले तर त्याला शांतपणे सांगा, की १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीत स्थान दिलेले आहे. बौद्ध धर्म स्वीकारल्याने हा हक्क बुडत नाही.

२ जानेवारी २०१५ रोजी गाड्या खोळंबल्याने दिव्यात जो उद्रेक झाला, त्यात दगड पडले आणि पोलिसांची गाडी जळाली. त्या संतापाचे कारण आम्ही समजतो. तो मार्ग आम्ही मान्य करीत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आपणांस घटनात्मक मार्गाचा जो आग्रह सांगितला, तो दिव्याच्या फलाटावरही लागू आहे. जलद गाड्यांना दिव्यात थांबा मिळाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, मागणीचा पाठपुरावा सुटला नाही म्हणून. तेव्हा अर्ज लिहा, सह्या गोळा करा, खासदाराला आणि नगरसेवकाला जाब विचारा, प्रवासी संघटनेत आपली माणसे पाठवा. स्त्रियांनाही पाठवा, कारण गर्दीचा जाच त्यांना दुहेरी आहे.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. इतके मृत्यू एखाद्या साथीने झाले असते तर सरकारने तिचे कारण शोधले असते. येथे कारण शोधण्याचीही गरज नाही. ते रोज सकाळी फलाटावर उभे असते. सरकारने दार अवश्य बंद करावे. पण त्याआधी आत जागा करावी, आणि त्या जागेचे भाडे दिव्याच्या कष्टकऱ्याला परवडेल असे ठेवावे. यापेक्षा कमी काही आपण स्वीकारता कामा नये.