लिंबू म्हणजे विस्तव नव्हे

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या बहिणीच्या घरी एक भांडण झाले, आणि ते मी केले. चार दिवस करंज्या-अनारशांनी तोंडे विटलेली. तेव्हा जेवणात मासळी असणार हे ठरलेलेच होते. पण शेगडीवर काहीच दिसेना. एवढ्यात भाच्याने मोठ्या अभिमानाने फ्रिजमधून काचेचे भांडे काढले. त्यात सुरमईचे पांढरेशुभ्र तुकडे, वर कांदा, मिरची, कोथिंबीर. म्हणाला, "मावशी, हे सेविचे. विस्तव नाही, तेल नाही, कर्बोदकं नाहीत. रात्रभर लिंबात शिजलंय." भांडे फिरत फिरत भाचेसुनेपुढे आले. तिला पाचवा महिना होता. मी ते तिच्या हातातून काढून घेतले.

त्यानंतर जे बोलले गेले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. पण माझे म्हणणे मी आजही मागे घेतलेले नाही. आणि यंदा ज्या ज्या घरांतून ते भांडे फिरणार आहे त्यांच्यासाठी ते येथे पुन्हा मांडते.

माझे वैर सेविचेशी नाही, 'शिजलंय' या शब्दाशी आहे. लिंबाच्या रसात मासा पांढरा होतो, घट्ट होतो, हे खरे. उष्णतेने तव्यावर मांसातल्या प्रथिनांचे जे होते, तसलेच काहीसे आम्लाने होते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. परंतु विस्तव आणखी एक काम करतो, ते लिंबाच्याने होत नाही. विस्तव मारतो. समुद्रातल्या कित्येक माशांत अ‍ॅनिसाकिस नावाच्या जंताच्या दोऱ्यासारख्या अळ्या असतात. त्या लिंबाच्या रसात खुशाल जगतात. जनावरांच्या पोटातल्या आम्लात राहण्याची ज्यांना सवय, त्यांना लिंबाचे काय भय? रोगजंतूंपैकी काही आंबटाने मरतात, काही तग धरतात, आणि आपल्या भांड्यात कोणते आहेत हे कोणी पाहून ठेवलेले नसते.

आपल्या आया सुरमईच्या तुकड्यांना मीठ, हळद, लिंबू पिढ्यान्‌पिढ्या चोळीत आल्या. ते वास मोडावा, चव लागावी म्हणून. पुढे तुकडा तव्यावरच गेला. लिंबू पिळले, आता शिजले, घ्या पाने, असे म्हणणारी बाई मी कोकणात पाहिलेली नाही. ज्या अडाणी समजल्या गेल्या त्यांना एवढे कळत होते!

कोणी म्हणतील, मासा आधी गोठवावा. जरूर गोठवावा, पण अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचे सांगणे उणे 20 अंशांवर सात दिवस असे आहे. आपल्या घरच्या फ्रिजचे दार दिवसातून चाळीस वेळा उघडते, आणि गावाकडे वीज जाते ती निराळीच. शिवाय गोठवल्याने जंत मरतात. रोगजंतू बहुधा नुसते झोपी जातात.

"पण पेरूत सगळे कच्चाच खातात की!" हे भाच्याचे पुढचे उत्तर. (पेरू म्हणजे येथे देश; फळाचा काही दोष नाही.) खातात, आणि अभिमानाने खातात. 2023 साली युनेस्कोने त्यांच्या सेविचेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. पण ते कसे खातात? जुन्या वळणाची सेविचेची दुकाने दुपारीच चालत. पहाटे उतरलेली मासळी दुपारच्या पानात, रात्रीसाठी ती शिळी. आपल्याकडे सकाळी बाजारात 'ताजी' म्हणून घेतलेली सुरमई ट्रॉलरवर किती दिवस बर्फात होती हे विकणारीलाही ठाऊक नसते. आणि सुरमई, बांगडा असले मासे बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामिन साठते. ते लिंबाने जात नाहीच, विस्तवानेही जात नाही. रात्रभर भिजवण्याचे म्हणाल, तर पेरूतही पूर्वी मासा तासन्‌तास मुरवीत. पुढे तेथे वसलेल्या जपान्यांच्या वळणाने तो वेळ काही मिनिटांवर आला. रात्रभर ठेवलेल्या माशाचे रबर होते. त्या दिवशीही झाले होते. हे मी केवळ रागाने म्हणत नाही.

पेरूचीच आणखी एक गोष्ट. 1991 च्या जानेवारीत त्या देशाच्या किनाऱ्यावर पटकी उद्भवली. वर्षभरात तीन लाखांहून अधिक माणसे आजारी पडली, सुमारे तीन हजार दगावली. सरकारी वैद्यक खाते कच्चा मासा खाऊ नका म्हणून सांगत होते. कोळ्यांचा धंदा बसला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी चारचौघांदेखत कच्चा मासा खाऊन दाखवला. न्यायाने बोलायचे तर त्या साथीत मोठा अपराध दूषित पाण्याचा होता, आणि पटकीचा जंतू आम्लापुढे दुबळाच. पण राष्ट्राध्यक्षांनी घास घेतला म्हणजे मासा निर्मळ झाला, हा न्याय मला कळत नाही. भाच्याचा न्यायही त्याच जातीचा: "आम्ही बाहेर खाल्लं, आम्हाला काही झालं नाही!"

आता ती 'कर्बोदके'. माशात कर्बोदके नाहीत हे अभिमानाने सांगणे म्हणजे आमच्या विहिरीचे पाणी ओले आहे अशी पाटी लावणे होय. तळलेल्या तुकडीतही ती नसतातच. असलीच तर वरच्या रव्यात. आणि गंमत अशी की, लिमाच्या पानात सेविचेशेजारी उकडलेले रताळे आणि मक्याचे दाणे असतात. रताळ्याच्या गोडीने आंबट-तिखटाला आवर बसतो. आमच्या हौशी मंडळींनी तेवढे काढून टाकले आणि जे ठेवू नये ते ठेवले: कच्चा मासा.

करायचेच असेल तर सांगते. शेजारच्या इक्वेडोरात कोळंबीचे सेविचे करतात ते कोळंबी आधी उकळून. लाज वाटण्याचे कारण नाही. अर्धा किलो कोळंबी सोलावी, काळा दोरा काढावा, खळखळत्या मिठाच्या पाण्यात टाकावी. वळून आतपर्यंत अपारदर्शक झाली, मोठीचाही मधला पारदर्शकपणा गेला, की लगेच गार पाण्यात. चार-पाच कागदी लिंबांचा रस, उभा पातळ चिरून धुतलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. पाव तास गार ठेवावे, पुरे. शेजारी रताळे. तिसऱ्या आणि कालवे मात्र या वाटेला नेऊ नयेत. खाडीचे पाणी गाळून जगणारे ते जीव, आणि आमच्या खाड्यांत शहरे काय सोडतात हे सर्वांना माहीत आहे. लिंबू मूळचे आशियातून तिकडे गेले, मिरची आणि रताळे तिकडून इकडे आले. म्हणजे परके असे त्या पानात फारसे काही नाहीच.

यंदा गणपती गेल्यावर बहिणीकडे तसे करून पाहिले. उरलेल्या आंबट रसाला पेरूत 'वाघाचे दूध' म्हणतात आणि पेल्याने पितात. भाच्याने दोन पेले प्यायले आणि म्हणाला, "कच्च्याची मजा नाही गं मावशी." भाचेसून लेकीला मांडीवर घेऊन रताळे खात होती. ती काही बोलली नाही. तिने आणखी कोळंबी वाढून घेतली.