यंत्रमानव आणि कार्यानुभवाचा तास

नागपुरातील खाजगी शाळांच्या माहितीपत्रकांतून आणि उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींतून 'रोबोटिक्स' हा शब्द आता सर्रास वापरला जातो. दहाबारा वर्षांच्या मुलांनी स्वतः चाके बसवावीत, तारा जोडाव्यात, आज्ञावली लिहावी आणि खोलीभर फिरणारी गाडी तयार करावी, ही कल्पना पालकवर्गाला फार भावली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या उत्साहात एक विसर दडलेला आहे, आणि तो निदान नागपूरला तरी शोभत नाही.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिने मुलाचे सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावे असा विचार देशापुढे ठेवला. झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामात प्रयोग सुरू झाला. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत विरोध केला होता, आणि तो निराधार नव्हता. पण नई तालीम खचली ती त्या आक्षेपाने नव्हे. शिकल्यासवरल्या बापाला आपला मुलगा तकलीवर बसलेला पाहवला नाही. उलट ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जातीने नेमून दिलेल्या कामात झिजल्या होत्या, त्यांना शाळेतही पुन्हा तेच काम नको होते. हा दुसरा नकार पहिल्यापेक्षा कितीतरी न्याय्य होता. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचवला. त्याचे बहुतेक शाळांत काय झाले, हे कागदी फुले आणि खडू करून गुण मिळवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता तेच हाताचे काम प्रतिष्ठित झाले आहे. दुरुस्तीच्या टपरीवर तारेला डाग देणारा मुलगा 'शिकला नाही म्हणून' तिथे बसलेला असतो; तोच डाग वातानुकूलित खोलीत, फी भरून दिला की त्याला नवनिर्मिती म्हणतात. यात मुलांचा काही दोष नाही. दोष आहे तो काम कोणाचे हात करतात यावरून त्याची किंमत ठरवणाऱ्या समाजाचा.

या शिक्षणात खरे मोल कशाचे आहे, हेही नीट पाहावयास हवे. जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागून जाणारी गाडी हा बहुधा मुलांचा पहिला यंत्रमानव. एकाच खोक्यातल्या दोन मोटारी सारख्या वेगाने फिरत नाहीत, म्हणून गाडी एका अंगाला ओढते. सकाळी बिनचूक चालणारी तीच गाडी दुपारी खिडकीतून ऊन आले की भरकटते, कारण गाडीचा संवेदक ज्या अवरक्त किरणांवर पट्टी ओळखतो ते सूर्यप्रकाशातही असतात. नागपूरच्या उन्हात तर हे हमखास घडावे. त्या क्षणी मुलाला कोणी उत्तर सांगितले नाही, तर ते संवेदकावर हाताची सावली धरून पाहते, पुठ्ठ्याचे आच्छादन करते, चुकते, पुन्हा करते. प्रकाशाचा धडा इथे शिकून होतो. पुस्तकातला केवळ पाठ होतो. बाजारात मिळणाऱ्या बंदिस्त संचात नेमकी हीच संधी नाहीशी केलेली असते. चित्रातल्या क्रमाने तुकडे बसवायचे, गाडी चालली की टाळ्या. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेला, आणि त्याचे मूळ 'वेठ' या अर्थाच्या चेक शब्दात आहे. चित्राबरहुकूम तुकडे जोडणाऱ्या मुलाची अवस्था त्याहून फारशी निराळी नाही.

महाराष्ट्राला याहून चांगली वाट माहीत आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, विजेची जोडणी, बांधकाम शिकली, आणि त्यांचे काम गावाच्या उपयोगी पडले.

सरकारनेही काही केलेले नाही असे नाही. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६पासून राबवली जाते. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रत्येक शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि अशा प्रयोगशाळांची संख्या १०,०००वर गेली आहे. मात्र त्यांत खाजगी शाळाही आल्या. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने पुढील पाच वर्षांत ५०,००० प्रयोगशाळा सरकारी शाळांत उघडण्याची घोषणा केली, ही दिशा योग्यच आहे.

तथापि महापालिका वा जिल्हा परिषदेच्या शाळेत साहित्य पोहोचले म्हणजे ते मुलांच्या हाती पडलेच असे नव्हे. मोटार जळाली तर तिचा हिशेब जडवस्तू नोंदवहीत दाखवावा लागणार, तपासणीत प्रश्न येणार, कदाचित वसुलीही. मग शिक्षक कपाटाला कुलूप लावतो आणि पाहुणे आले की उघडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुटणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी, ती खडूसारखी संपणारी वस्तू मानली गेली पाहिजे. आणि शिकवायला कंपनीचा प्रतिनिधी कशाला? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतले निदेशक आहेत, सीताबर्डीच्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षे बंद पडलेली यंत्रे उघडणारे कारागीर आहेत. आठवड्यातून दोन दुपारी त्यांना योग्य मानधन देऊन वर्गात बोलवावे. त्या वर्गात एखाद्या कारागिराचा स्वतःचा मुलगाही बसलेला असेल.